लॉखच्या काठी फोटो काढायला जाताना: एका दिवसाला एकच पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून ग्लासगोला आलो. सह्याद्रीत आठ-दहा वर्षं फोटो काढलेत. इथे दर शनिवारी गाडी भाड्याने घेऊन स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्सकडे जातो. ग्लेन्कोची दरी झाली, लॉख लोमंड झालं, एकदा एका दिवसात स्काय बेटावरही जाऊन आलो. पण घरी येऊन बघावं तर सगळं फिकट आणि राखाडी. लेन्स बदलू का? कुठे जावं, कधी जावं, सोबत काय न्यावं?"

लेन्स बदलू नका. अडचण तुमच्याच एका वाक्यात आहे: एका दिवसात स्कायला जाऊन आलो. ग्लासगोहून तिथे पोचायला पाचेक तास लागतात आणि परतायला तेवढेच. ऑक्टोबरच्या मध्याला इथे उजेड असतो जेमतेम साडेदहा तास. म्हणजे तो अख्खा दिवस तुम्ही गाडीच्या काचेतून पाहिलात, आणि जिथे थांबलात तिथे थांबण्याची वेळ प्रकाशाने ठरवली नव्हती, पार्किंगने ठरवली होती. मी मूळची नाशिकची, ग्लासगोत येऊन चौदा वर्षं झाली. पहिलं वर्षभर मीही अशीच धावले. त्या वर्षीचा एकही फोटो मी आज कुणाला दाखवत नाही. दुसऱ्या वर्षी एका लहानशा तळ्यावर सात वेळा गेले आणि तिथून खरी सुरुवात झाली. म्हणून माझं सांगणं एवढंच: एका दिवसाला एकच पाणी. ते निवडायचं कसं आणि तिथे दिवस काढायचा कसा, ते सविस्तर लिहिते.

आधी 'लॉख' या शब्दाबद्दल. शेवटचा उच्चार आपल्या 'ख'च्या जवळचा, घशातून येणारा. इंग्लंडातल्या लोकांना तो जड जातो, आपल्याला जात नाही. गोड्या पाण्याचं तळं म्हणजे लॉख, आणि डोंगरांच्या मध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी म्हणजेही लॉखच. लहान तळं ते लॉखन. फोटोच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ग्लेन्को गावाजवळचं लॉख लेव्हन किंवा त्याच्या दक्षिणेचं लॉख एटिव्ह ही खारी पाणी आहेत, तिथे भरती-ओहोटी चालते. ओहोटीला काठावर समुद्री शेवाळाचा तपकिरी, निसरडा पट्टा उघडा पडतो आणि फोटोचा खालचा तिसरा भाग त्यानेच भरतो. खाऱ्या लॉखवर जाणार असाल तर हवामानाइतकंच भरतीचं वेळापत्रक बघा. आणि घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर सांध्यांत मीठ धरतं.

आता माझं ते तळं. ग्लासगोहून ए८२ रस्त्याने टाइन्ड्रम आणि ब्रिज ऑफ ऑर्खी मागे टाकलं की रस्ता चढून रॅनख मूरवर येतो. झाड नाही, घर नाही, नुसती दलदल, खडक आणि पाण्याची डबकी असं ते माळरान. तिथे रस्त्याच्या डाव्या हाताला लॉखन ना हाख्लश आहे. गेलिक भाषेत 'हाख्लश' म्हणजे काख, काखेतलं तळं. बहुतेक गाड्या त्याला वळसाही न घालता सरळ ग्लेन्कोकडे पळतात. आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते इथे मला दर शनिवारी आठवतं.

तळ्यात खडक आणि लहान लहान बेटं आहेत, पलीकडे पश्चिमेला ब्लॅक माउंटच्या डोंगरांची रांग. बेटांकडे नीट बघा. माळावर झाड नाही, पण बेटांवर आहेत: बर्च, रोवन, कुठे पाइन. कारण हरणं आणि मेंढ्या माळावरचं प्रत्येक रोपटं कोवळं असतानाच खाऊन टाकतात, आणि पाण्यापलीकडे त्यांचं तोंड पोचत नाही. पूर्वी या माळावर झाडं होती. हजारो वर्षांपूर्वीच्या पाइनचे बुंधे पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या त्या काळ्या थरात, अजून टिकून आहेत. हे कळलं तेव्हापासून मी त्या बेटांकडे फोटोची सजावट म्हणून बघणं सोडलं. माझे तिथले चांगले फोटो त्या झाडांचेच आहेत, मागच्या डोंगरांचे नाहीत.

तिथली एक ऑक्टोबरची सकाळ सांगते. सूर्योदय पावणेआठच्या सुमाराला. मी पावणेसातला रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडी लावली. तापमान शून्याच्या आसपास, वारा बिलकूल नाही. अंधारात दूरवर रेड डिअर हरणांचे नर डुरकत होते, तो त्यांचा माजाचा काळ असतो. हेडटॉर्च लावून, गमबूट घालून काठाशी उतरले. चिखल दिसतो त्याहून खोल असतो, म्हणून प्रत्येक पाऊल गवताच्या गड्ड्यावर नाहीतर दगडावर. पाण्यावर धुई होती, गुडघाभर उंचीची. शरद ऋतूत हे वारंवार होतं, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून उबदार असतं आणि निरभ्र, निवांत रात्री माळावरची हवा गारठून त्यावर उतरते. पाण्याची वाफ लगेच निवून धुई होते. पाऊस पडून गेल्यावर आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला, की पुढची सकाळ अशी येण्याची शक्यता मोठी.

सव्वासातनंतर ब्लॅक माउंटचे माथे गुलाबी झाले. सूर्य अजून वर आलेला नव्हता. माथ्यांवरचा रंग हळूहळू खाली सरकत होता आणि पाण्यातला रंग उलट वर चढत होता. त्या दोन रेषा जवळ येताना दिसतात. मी त्या वेळी सगळ्यांत रुंद लेन्स लावली नव्हती. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लावून एकच बेट, त्यावरचं पिवळं बर्च आणि मागे डोंगराच्या पायथ्याची निळी सावली एवढंच घेतलं. हे बेट कुठून मोकळं दिसतं, ते आधीच्या सहा खेपांत ठरून गेलं होतं. साडेआठला वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि आरसा मोडला. दहा वाजता दोन गाड्या येऊन थांबल्या, लोकांनी फोटो घेतले, पाच मिनिटांत गेले. त्यांच्या फोटोत डोंगर असेल, पाणी असेल, पण ते पाणी त्या वेळी राखाडी झालं होतं. तुमच्या फोटोंतला राखाडीपणा बहुधा इथूनच येतो.

तेव्हा वाऱ्याचा हिशोब आधी शिका. आभाळाचा अंदाज सगळे बघतात, पण पाण्यासाठी महत्त्वाचा आकडा वाऱ्याचा आहे. ताशी ५ मैलांच्या आत असेल तर आरसा मिळेल. ८-१० मैल झाला की लहान तळ्यावर, आडोशाच्या कोपऱ्यात प्रयत्न करावा. त्यापुढे प्रतिबिंबाचा नाद सोडून द्यावा. पहाटेची वेळ यासाठीच सोडू नये, ऊन चढलं की हवा हलायला लागते. यूकेच्या हवामान खात्याचा तासागणिक अंदाज बघाच, पण डोंगरासाठी 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस'चं पान वाचायची सवय लावा. माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, तेही त्यात दिलेलं असतं. ते टक्के कमी आणि वारा शांत असेल, तर मी मुद्दाम जाते. ढग अर्ध्या डोंगरावर अडकून राहतात तेव्हा ग्लेन्को जसं दिसतं तसं निळ्या आभाळाखाली कधीच दिसत नाही.

प्रकाशाबद्दल सह्याद्रीत कमावलेली एक सवय तुम्हाला इथे मोडावी लागेल. आपल्याकडे सोनेरी उजेड पटकन संपतो म्हणून आपण धावपळ करतो. विषुवदिनाच्या आसपास नाशिकला सूर्य क्षितिजाशी सुमारे ७० अंशांचा कोन करून खाली उतरतो, ग्लेन्कोला साधारण ३३ अंशांचा. तो पडत नाही, तिरका घसरत जातो. संध्याकाळचा तो रंग मग तासभर टिकतो, आणि संधिप्रकाश त्याहून पुढे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत तर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो. पावणेनऊच्या सुमाराला उगवतो, पावणेचारला मावळतो. दिवस लहान खरा, पण दिवसभर आडवा प्रकाश. मात्र अरुंद दऱ्यांत, ज्यांना इथे ग्लेन म्हणतात, तो सूर्य डोंगराआडून वर येतच नाही. ग्लेन्कोचे काही भाग हिवाळ्यात महिनोनमहिने सावलीत असतात. जाण्याआधी सूर्याची दिशा दाखवणारं एखादं अ‍ॅप आणि ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा खात्याचा नकाशा शेजारी ठेवून बसा. जूनमध्ये सगळं उलटं. सूर्योदय साडेचारला, सूर्यास्त रात्री दहानंतर. पहाटेचा आणि रात्रीचा दोन्ही प्रकाश धरायचे तर मध्ये दुपारी झोपावं लागतं, आणि मी खरंच झोपते, गाडीत.

सूर्याच्या दिशेने किती फरक पडतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ब्युअखिल एटिव्ह मोर, ग्लेन्कोच्या तोंडाशी उभा असलेला तो त्रिकोणी डोंगर, सुमारे १०२० मीटरचा. नावाचा अर्थ एटिव्हचा थोरला गुराखी; शेजारी धाकटा गुराखीही आहे. त्याचा प्रसिद्ध फोटो ग्लेन एटिव्हच्या रस्त्याला वळल्यावर लगेच, कूपल नदीच्या लहान धबधब्यापासून काढतात. तिथून कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेकडे असतं. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, तो डोंगराच्या चेहऱ्यावर सरळ पडतो आणि कातळ सपाट दिसतो. हिवाळ्यात तो आग्नेयेला उगवतो, उजेड डाव्या बाजूने घासून जातो आणि प्रत्येक घळ, प्रत्येक सुळका उठून येतो. त्यात बर्फ असेल तर बघायलाच नको. एकच जागा, एकच डोंगर, पण जूनमध्ये तिथे जाऊन निराश झालेली माणसं मला दरवर्षी भेटतात.

आता पाण्याचं तंत्र. यात जरा रेंगाळते, कारण लेन्सपेक्षा याने फरक पडतो.

रॅनख मूरकडचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. पीटमुळे ते तसं होतं. त्यामुळे तळ लवकर दिसेनासा होतो आणि आरसा गडद मिळतो. कॅमेरा जितका पाण्याजवळ तितकं प्रतिबिंब पूर्ण. उभं राहून बघाल तर अलीकडचा काठ किंवा टेकडी प्रतिबिंबातला डोंगर झाकून टाकते, कारण प्रतिबिंब तुम्हाला तुमच्या डोळ्याच्या उंचीवरून दिसतच नाही. पाण्याखाली तेवढ्याच खोलीवर डोळा असता तर जे दिसलं असतं ते दिसतं. म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढायचा नाही, पाय फाकवून खाली बसायचं. गुडघे भिजतात. वॉटरप्रूफ पँट त्यासाठीच.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, असेल तर तो लावून ठेवून विसरू नका. पाण्याकडे साधारण ३७ अंश खाली बघताना त्याचा परिणाम सगळ्यांत जास्त असतो. म्हणजे तुमच्यापासून दोनेक मीटरवरच्या पाण्यातली चकाकी तो पुसून टाकतो आणि तळाचे दगड दिसायला लागतात, पण लांबच्या डोंगराचं प्रतिबिंब आडव्या कोनातून येत असल्याने त्यातलं बरंच शिल्लक राहतं. हळूहळू फिरवत राहा, एका ठिकाणी दोन्ही मिळतात: पायाशी दगड, पुढे डोंगर. रुंद लेन्सवर मात्र जपून, आभाळाचा एक कोपरा गडद आणि दुसरा फिका होतो.

फोकसचीही एक गोम आहे. पाण्यावर तरंगणारं पान जवळ आहे, पण त्याच्या शेजारी दिसणारं शिखराचं प्रतिबिंब लांब आहे, खऱ्या शिखराइतकंच लांब. कॅमेऱ्याने पानावर फोकस धरला तर प्रतिबिंब मऊ होतं. मी सगळ्यांत जवळचा दगड किती लांब आहे ते बघते आणि त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस धरते, लेन्सचं छिद्र एफ/११वर ठेवून. एफ/२२पर्यंत जाऊ नका, त्याने सगळाच फोटो थोडा मऊ पडतो.

प्रतिबिंब खऱ्या दृश्यापेक्षा नेहमी थोडं गडद असतं, कारण पाणी सगळा प्रकाश परत देत नाही. फोटो सुधारताना लोक खालचा भाग उजळवत जातात आणि एका क्षणी पाणी आभाळाहून उजळ होतं. कुणाला कारण सांगता येत नाही, पण बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. खालचं आभाळ वरच्याहून अर्धा-एक स्टॉप गडदच राहू द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). शिखराचं उलटं टोक चौकटीच्या कडेने कापू नका आणि ते पुढच्या दगडात घुसूही देऊ नका. मध्ये बोटभर पाणी दिसलंच पाहिजे. यासाठी कधीकधी कॅमेरा एक वीत डावीकडे सरकवला तरी पुरतं. मी या एका विताभोवती पंधरा-वीस मिनिटं घालवते.

बाकी सामान लवकर सांगते. २४-७० आणि ७०-२०० या दोन लेन्स पुरतात, दुसरी जास्त वापरली जाईल. वजनदार ट्रायपॉड, वारा असेल तर बॅग त्याला लटकवू नका, झोके खाते, तिचा पट्टा पायाने दाबून धरा. लेन्स पुसायची चार-पाच फडकी, कारण इथला पाऊस आपल्यासारखा धो धो कोसळत नाही. तो भुरभुरतो, तोही आडवा, सरळ काचेवर. मॉन्सूनमध्ये भंडारदऱ्याला छत्रीखाली फोटो काढण्याची सवय इथे कामाची नाही. वाऱ्याकडे पाठ करायची, लेन्सवर हात धरायचा, आणि प्रत्येक फोटोआधी पुसायचं. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी. बर्फ असेल तर एक ते दीड स्टॉप जास्त एक्सपोजर, नाहीतर बर्फ करडा येतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

'ड्रीख' हा शब्द तुम्ही ऑफिसात ऐकला असेल. ओला, करडा, कंटाळवाणा दिवस. स्कॉटिश लोक त्याबद्दल कुरकुर करतात, मला तो आवडतो. अशा दिवशी आभाळ चौकटीत घ्यायचंच नाही. ग्लेन्कोत थ्री सिस्टर्सच्या खाली उभं राहा. पाऊस चालू असताना त्या तीन कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरतात, माळशेज आठवतो. किंवा ओढ्याकाठी जा. पाण्याची चाल दाखवायला शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी पुरे, त्याहून लांब ठेवलं की पाण्याचा धूर होतो आणि दगडावर आपटण्याचा जोर जातो. बर्चच्या खोडांवरचं शेवाळ आणि वाळलेल्या नेच्यांचा गंजलेला रंग ओलाव्यात सगळ्यांत गडद दिसतो. इथे पोलरायझर खरं काम करतो, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी काढून रंग मोकळा करतो.

ग्लेन्कोपर्यंत दर वेळी जायची गरज नाही. ग्लासगोहून तासाभराच्या अंतरावर, अ‍ॅबरफॉइलच्या पुढे लॉख आर्ड आहे. लहान, आडोशाचं, म्हणून तिथे आरसा इतर ठिकाणांहून जास्त वेळ टिकतो. मागे बेन लोमंड डोंगर. लॉख लोमंडच्या पूर्व काठावर बालमहाच्या पुढे मिलॅरखी बे हा आत वळलेला काठ आणि तिथलं एकुलतं झाड सगळ्यांनी काढलंय, तरी संध्याकाळी जा. काठ पश्चिमेकडे बघतो, आणि पाऊस झाल्यावर पाणी चढून झाडाभोवती येतं. लॉख ऑच्या ईशान्य टोकाला, पंधराव्या शतकातल्या किलखर्न किल्ल्याचे अवशेष ए८१९ रस्त्याच्या बाजूच्या काठावरून पाण्यापलीकडे दिसतात. तिथे धुक्याची सकाळ हवी, एरवी दुपारी तो किल्ला निर्जीव वाटतो. दूर वायव्येकडच्या टोरिडनबद्दल, लीअगख डोंगर आणि लॉख क्लेअरबद्दल, मी एवढंच म्हणेन की शनिवार-रविवारी जाऊ नका. चार दिवस काढा आणि तिथेच राहा.

गाडी नसेल त्या आठवड्यात ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून वेस्ट हायलँड लाइनची गाडी पकडा. ब्रिज ऑफ ऑर्खीला उतरून वेस्ट हायलँड वेच्या पायवाटेने इन्व्हरोरनकडे चारेक किलोमीटर चाललं की खाली लॉख टुला आणि त्याच्या काठची जुनी पाइनची झाडं लागतात. त्याहून वेगळा अनुभव कोरौर स्थानकाचा. तिथे सार्वजनिक रस्ता पोचतच नाही, फक्त रेल्वे. स्थानकापासून दीडेक किलोमीटरवर लॉख ऑसियन आणि काठावरच एक यूथ हॉस्टेल. रात्री मुक्काम केला की पहाटे उठून दार उघडायचं, पाणी समोर. गाड्या दिवसात मोजक्याच असतात, परतीची वेळ लिहून ठेवा.

मिजबद्दल कुणी सांगितलं नसेल तर सांगते. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत या बारीक चावऱ्या चिलटांचे थवे असतात, आणि त्यांना नेमकं तेच आवडतं जे आपल्याला हवं असतं: वारा नाही, ओलावा आहे, पहाट किंवा संध्याकाळ आहे. वारा ताशी ७ मैलांच्या वर गेला की त्या उडू शकत नाहीत. तोंडावर घ्यायची बारीक जाळी आणि स्मिज नावाचं औषध गाडीत असू द्या. जाळीशिवाय मी एकदा कूपलच्या काठी दहा मिनिटंही थांबू शकले नाही. नेच्यांतून चालताना गोचिडी लागतात, त्यांतून लाइम रोग होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला तपासा, गोचिडी काढायचा चिमटा ठेवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ उमटलं तर डॉक्टरकडे जा.

नोव्हेंबर ते एप्रिल काठ सोडून डोंगरावर चढणार असाल तर फोटोग्राफी हा दुसरा विषय होतो. आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड आणि बुटांना बांधायचे काटे, वापरता येत नसतील तर चढू नका, आधी एखादा दिवसभराचा हिवाळी कोर्स करा. स्कॉटिश अ‍ॅव्हलांश इन्फर्मेशन सर्व्हिसचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अहवाल वाचा. गोठलेल्या लॉखनवर पाऊल टाकू नका. रॅनख मूरची उथळ तळी गोठतात, पण बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते. काठावरून फोटो काढा, बर्फातल्या भेगा आणि अडकलेले बुडबुडे तिथूनच मिळतात. मदत लागली तर ९९९ला फोन, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. ते स्वयंसेवक आहेत आणि पैसे घेत नाहीत. फोनची रेंज अर्धवट असते, म्हणून मेसेजने ९९९ वापरता यावं यासाठी आजच त्या नंबरला 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून पाठवा आणि येणाऱ्या सूचनांप्रमाणे नोंदणी पूर्ण करा.

स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवर चालण्याचा हक्क आहे. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याला हे फार मोठं देणं वाटतं, मला अजून वाटतं. म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरते. ग्लेन एटिव्हच्या एकपदरी रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायला ठेवलेल्या जागेत गाडी लावायची नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. एप्रिल ते ऑगस्ट बेटांच्या जवळ जायचं नाही, ड्रोनही नाही. ब्लॅक-थ्रोटेड डायव्हर हा दुर्मीळ पक्षी पाण्याच्या अगदी कडेला, अशाच बेटांवर घरटं करतो आणि एकदा उठला की अंडी गार होतात. कूपलच्या धबधब्याकडे जाणारी वाट आमच्यासारख्यांच्या पायांनी रुंद होत चिखल झाली आहे. चिखल टाळायला कडेच्या शेवाळावर पाय देऊ नका, चिखलातूनच चाला. गमबूट आहेत ना.

या शनिवारी वारा ५ मैलांच्या आत दाखवत असेल तर पहाटे पाचला निघा, पावणेसात-सातपर्यंत लॉखन ना हाख्लशवर पोचाल. पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच ठेवून काठाने हिंडा, एक बेट निवडा. दुपारपर्यंत तिथेच थांबा, उजेड फिरताना त्या एकाच बेटाचे फोटो काढा. परत निघताना गाडीत बसण्याआधी मेमरी कार्ड काढून खिशात घ्या आणि बॅगेची चेन लावून टाका. घरच्या उबेत गारठलेला कॅमेरा लगेच बाहेर काढला तर त्याला आतून-बाहेरून दव धरतं, दोन-तीन तास बॅग उघडू नका. कार्ड खिशात असलं की तोवर फोटो बघता येतात.